गिरणीला बांधलेलं यंत्र

"सर, तुम्हीच सांगा हिला. गिरणी जोंधळ्यासाठी असते का मोबाईलसाठी?"

मी दळणाचा डबा खाली ठेवायच्या आतच आण्णा मगदूमांनी मला पंच करून टाकलं. गिरणी चालू होती, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. भुवयांवर, मिशीवर, कानांवरच्या केसांवर पीठ बसलेलं आणि त्यातून दोन तांबडे डोळे मुलीकडं रोखलेले. मुलगी स्टुलावर उभी राहून धान्य ओतायच्या पत्र्याच्या डब्याला सुतळीनं काहीतरी करकचून बांधत होती.

"मोबाईल नाही आण्णा, जीपीएस आहे."

"जे काय असंल ते. पट्ट्यात हात गेला तर बोटं जातील."

"बोटं माझी आहेत."

"आणि गिरणी माझी आहे!"

रांगेतल्या बायका हसल्या. मी जवळ जाऊन बघितलं. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीएवढं, काळं, जाडजूड यंत्र. करड्या रंगाचा इवलासा पडदा, खाली पाच बटणं. पडदा थरथरत होता, त्यावर पिठाचा पातळ थर बसत होता, पण त्यातला बाण दिसत होता.

"वैजू, हे काय चाललंय?"

"सर, घाटमाथ्यावरच्या सड्यावर, नुसत्या कातळावर, गाडी दिवसभर अशीच थरथरते," ती खाली उतरत म्हणाली. "वर धूळ. यंत्र टिकेल की नाही हे मला आधी कळायला पाहिजे. मोठ्या कंपन्यांकडं त्यासाठी प्रयोगशाळा असतात म्हणे. माझ्याकडं ही आहे."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या हायस्कूलात मी भूगोल शिकवायचो, आणि पेठेतली निम्मी तरुण पोरं मला कुठंही भेटली की हातातली सिगारेट मागं लपवायची. वैजयंती त्यांतली नव्हे. ती भेटली की प्रश्न विचारायची. सातवीत असताना तिनं मला विचारलं होतं की नकाशात नदी निळी असते, मग पंचगंगा गढूळ का? उत्तर द्यायला मी एक पूर्ण तास घेतला आणि तो माझा सर्वांत आवडता तास ठरला.

ती मोटरसायकल चालवायची. उंच, सडपातळ, चिखलातून जायची जुनी गाडी तिनं घेतली होती. रणजित इंगवले हा माझाच विद्यार्थी, तिच्याहून पाचसहा वर्षांनी मोठा. त्याचं गॅरेज होतं आणि आडरानातनं गाड्या चालवणाऱ्यांचा एक गट त्यानं जमवला होता. त्या दिवाळीपासून पुण्या-बेंगळुरूच्या पाहुण्यांना घेऊन घाटमाथ्यावरच्या सफरी काढायच्या असं ठरत होतं. अशा सफरीत सगळ्यांच्या पुढं एक गाडी असते. वाट तिनं काढायची, बाकीच्यांनी तिच्या मागनं यायचं. वैजूला ती पुढची गाडी हवी होती. ती मिळाली नाही तर स्वतःची गाडी विकून गिरणीवर बसायचं, असा तिचा आणि आण्णांचा करार झाला होता. आण्णांनी गाडीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलेलं.

अडचण एवढीच होती, की पुढच्या गाडीला वाट दाखवणारं यंत्र पाहिजे आणि रणजितच्या मते ते त्याच्यासारखंच पाहिजे.

दळण घेऊन मी घरी जायच्याऐवजी वैजूबरोबर त्याच्या गॅरेजात गेलो, कारण ती म्हणाली, "चला ना सर. तुमच्यासमोर तो शिव्या देत नाही."

रणजितचं यंत्र परदेशी होतं. मोठा रंगीत पडदा, त्यावर हिरवी रानं, पिवळे रस्ते. आणि आत एक बाई इंग्रजीत बोलायची. वैजूची वडी बघून तो खो खो हसला.

"ह्याच्यावर पाहुणे न्यायचे? लोक काय म्हणतील? पुढची बाई कॅल्क्युलेटर बघत चालली!"

"दादा, तुझ्या यंत्राच्या पैशात माझी निम्मी गाडी येते."

"मग मोबाईल लाव. त्यात नकाशा असतोय की."

"लावून बघितला." वैजू बाकड्यावर बसली आणि शांतपणे सांगायला लागली. तिनं मोबाईल गिरणीला बांधला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा कॅमेरा आतून खुळखुळायला लागला. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते, त्यांच्या शेजारी उन्हात ठेवला. पडद्यावर स्वतःचं तोंड सोडून काही दिसेना. ओले हातमोजे घालून बोट लावलं, तो ढिम्म. मग बेळगावच्या एका ट्रेकरनं वापरलेली ही वडी तिला परवडेल अशा किमतीत मिळाली. तिला गिरणीवर, गच्चीवर आणि मोरीतल्या बादलीत ठेवून झालं होतं. साधे पेन्सिल सेल लागतात, ते कुठल्याही वाडीतल्या दुकानात मिळतात. ऊन जितकं जास्त, तितका पडदा स्पष्ट. बटणं जाड, हातमोज्यातनं दाबता येतात.

"बोलत नाही," रणजित म्हणाला.

"नाही."

"रस्ते दाखवत नाही."

"थोडेच. पण तुझं यंत्र रस्ता सांगतं, दादा. सड्यावर रस्ताच नाही. तिथं ती बाई काय सांगणार?"

गॅरेजातली पोरं हसली. रणजितनं हातातला पाना बाकड्यावर आपटला, पण तो चिडला नव्हता. शाळेत कबड्डीला उतरतानाही त्याचा चेहरा असाच उजळायचा.

"चल, लाव पैज. सरांनी एक ठिकाण द्यायचं. दोघांनी आपापल्या यंत्रावर तिथं जायचं. तू आधी पोचलीस तर पुढची गाडी तुझी. मी पोचलो तर माझ्यासारखं यंत्र घे, नाहीतर मागं बसून पाहुण्यांच्या बॅगा सांभाळ. सर, तुम्ही पंच. वैजूच्या मागं बसून यायचं."

माझी जागा ठरवताना मला कुणी विचारलंच नाही.

*

श्रावण सरला होता. पाऊस उघडलेला, पण घाटमाथ्यावर धुकं होतं. वाघजाईच्या सड्याखाली एक वाडी आहे, तिथल्या शाळेच्या पटांगणात आम्ही सकाळी गाड्या लावल्या. सडा म्हणजे डोंगरावरचं काळ्या कातळाचं मैदान. झाड नाही, घर नाही, वाट म्हणावी अशी वाट नाही. पावसाळा संपता संपता कातळाच्या फटींतून जांभळी, पिवळी फुलं येतात तेवढीच. पूर्वेकडून सडा हळूहळू चढत जातो आणि पश्चिमेला एकदम तुटतो. खाली कोकण. मधोमध धनगरांच्या बिरोबाचं ठाण आहे, वर पत्रा टाकलेला. मी मुलांच्या सहली तिथं नेत असे.

सरकारी जुन्या नकाशावरून मी ठाणाचे अक्षांश-रेखांश काढले होते आणि दोघांना एकेक चिठ्ठी लिहून दिली: १६° ०६′ उत्तर, ७४° ०३′ पूर्व.

वैजूनं हातमोजा काढला. चिठ्ठी वाचली, यंत्रातलं काहीतरी उघडलं, बदललं, परत चिठ्ठी वाचली. रणजितचं तोवर झालंसुद्धा.

"सोळा पॉइंट शून्य सहा," तो पुटपुटत होता, "चौऱ्याहत्तर पॉइंट शून्य तीन. झालं! अकरा किलोमीटर."

"माझं आठ दाखवतंय," वैजू म्हणाली.

"तुझी वडी कावळ्यासारखी सरळ मोजती. माझं गाडीसारखं मोजतंय."

ते पटण्यासारखं होतं. तिनं मान हलवली, तरी एकदा वळून त्याच्या पडद्याकडं बघितलं. तेवढ्यात रणजितनं किक मारली. त्याची गाडी तिच्या दुप्पट ताकदीची. यंत्रातली बाई मोठ्यानं काहीतरी बोलली, पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि तो धुक्यात दिसेनासा झाला.

"सर, घट्ट धरा. आणि उभे राहा म्हटलं की उभं राहायचं."

"चालत्या गाडीवर?"

"हो. गुडघे वाकवून. उड्या तुमच्या कमरेला लागणार नाहीत."

एका विद्यार्थिनीनं मला त्या दिवशी उठाबशा काढायला लावल्या, असं मी घरी सांगितलं तेव्हा आमची बायको दिवसभर हसत होती. पण मला त्या पोरीचं चालवणं मागनं बघायला मिळालं. यंत्र तिनं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हँडलला बांधलं होतं. ती त्याच्याकडं टक लावून बघत नव्हती. घड्याळ बघावं तशी एक नजर टाकायची आणि पुन्हा जमीन बघायची. बाण समोर म्हणत होता, पण समोर कातळात पाणी साठलेलं; तिनं लांबून वळसा घातला. बाण बिचारा तिच्याबरोबर वळत राहिला आणि वळसा संपल्यावर पुन्हा समोर झाला.

"रागावत नाही," मी तिच्या कानाशी ओरडलो.

"म्हणूनच घेतलं, सर!"

ठाणाचा पत्रा अगदी पुढ्यात आला तेव्हा दिसला. धुकं इतकं दाट झालं होतं. वैजूनं गाडी बंद केली. आता आनंदानं ओरडेल असं मला वाटलं. ती नुसती उभी राहिली आणि ऐकत राहिली.

"दादा नाही आला."

"मागं राहिला असेल. पंक्चर..."

"मागं कसा राहील? तो पुढं होता, आणि त्याची गाडी माझ्यापेक्षा पळते. त्यानं इथं येऊन शेंगा खात बसायला पाहिजे होतं." तिनं तीनचार वेळा हॉर्न वाजवला. धुक्यातून काहीच परत आलं नाही. मोबाईलला रेंज नव्हती.

ती पत्र्याखाली पायरीवर बसली. कपाळाला हात लावून बसायची तिची शाळेतली सवय होती. उत्तर जवळ आलं की ती अशी बसायची.

"सर, आकडा घालताना दादा काय म्हणाला ते ऐकलंत?"

"सोळा पॉइंट शून्य सहा."

"पॉइंट म्हणाला ना? तुम्ही चिठ्ठीत पॉइंट लिहिलाच नव्हता. तुम्ही मिनिटं लिहिली होती." ती उठून उभी राहिली. "षटकं, सर! तुम्ही वर्गात षटकं सांगितली होती."

सांगितली होती खरी. मुलांना अंश आणि मिनिटं समजेनात, तेव्हा मी क्रिकेट काढायचो. फळ्यावर 'सोळा पॉइंट तीन षटकं' लिहिलं तर ती किती झाली? साडेसोळा. कारण षटकात सहा चेंडू असतात, दहा नव्हे. अंशाचंही तसंच, त्यात साठ मिनिटं असतात, शंभर नव्हेत.

"म्हणजे सहा मिनिटं हा अंशाचा दहावा भाग," वैजू भराभर बोलायला लागली. "माझं यंत्र मी मिनिटांवर लावून घेतलं. दादाचं पॉइंटवर होतं. त्यानं सोळा पॉइंट एक घालायला पाहिजे होतं, घातलं सोळा पॉइंट शून्य सहा. पूर्वेचंही तसंच. म्हणून तर अकरा किलोमीटर! तो कावळ्याचा आणि गाडीचा फरक नव्हताच."

"मग गेला कुठं तो?"

"तेच बघायचं." तिनं यंत्र हँडलवरून सोडवून हातात घेतलं. "आता मी पण दादासारखी चुकते."

आणि तिनं शांतपणे, एकेक बटण दाबत, यंत्राची मांडणी बदलली आणि त्यात चुकीचा आकडा घातला. जसा रणजितनं घातला होता तसा. पडद्यावरचा बाण एक क्षण थांबला आणि गर्रकन फिरला. नैर्ऋत्येला. तिकडं मोकळा सडा, आणि सड्यानंतर कडा.



"वैजू," मी म्हणालो, "या धुक्यात कड्याकडं गाडी न्यायची? खाली वाडीत जाऊन माणसं आणू. तू पैज जिंकलीस, ते मी सांगेन."

"वाडीत जाऊन यायला वेळ किती जाईल, सर? आणि जिंकले कसली? परीक्षक इथं, आणि दुसरा विद्यार्थी गैरहजर." तिनं ठाणाची जागा यंत्रात साठवली. "तुम्ही इथं थांबलात तरी चालेल."

मी तिच्या मागं बसलो.

या खेपेला ती माणूस चालेल इतक्या बेतानं गेली. मधेच थांबून इंजिन बंद करायची, ऐकायची, पुन्हा निघायची. बाणाखालचं अंतर कमी कमी होत गेलं. वारा बदलला, गार आणि ओला झाला, तशी तिनं गाडी स्टँडला लावली.

"इथनं पुढं पायांनी. सर, माझ्या मागं. मी थांबले की थांबायचं."

पायाखाली कातळ शेवाळानं बुळबुळीत झालेला. हात पुढं केला तर बोटं पुसट दिसत होती. थोडं चाललो आणि धुक्यातून एका बाईचा आवाज आला. शांत, सुशिक्षित, इंग्रजी.

"मेक अ यू-टर्न व्हेन पॉसिबल."

वैजूनं माझा हात घट्ट धरला. पुन्हा तोच आवाज. आणि त्याच्या मागोमाग एक ओळखीचा, वैतागलेला.

"अगं बाई, पाय तर सोडव, मग वळतो!"

"दादा!"

"कोण हाय? पुढं येऊ नका! जपून! कडा हाय!"

रणजित कातळावर आडवा पडला होता. त्याची जड गाडी त्याच्या उजव्या पायावर. हँडलवरचा रंगीत पडदा धुक्यात झगमगत होता. त्याच्यापुढं दोनतीन गाड्या लागतील एवढीच जमीन होती. त्यापुढं धुकं खालून वर येत होतं.

वैजूनं पाठ गाडीकडं केली, बैठक मारली, सीटखाली हात घातले. "सर, मी तीन म्हटलं की दादाचा पाय ओढायचा." मी ओढला. पाय सुजला होता, सोलवटला होता, पण मोडला नव्हता. रणजित बराच वेळ पाय धरून बसला.

"ती सरळ जा म्हणत होती," तो म्हणाला. "एकदम खालनं वारा आला तोंडावर. म्हटलं, वारा खालनं कसा येतोय? तसा ब्रेक दाबला, आणि घसरलो."

ऐन वेगात असं ध्यानात येणं ही साधी गोष्ट नव्हे. वैजूनंही त्याला तेच सांगितलं. "दुसरा कुणी असता तर आज नसता, दादा."

"ते जाऊ दे. मी इथं हाय हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू जसा चुकलास तशीच मी चुकले. मग यंत्रानं इथं आणलं."

रणजितनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी त्याला षटकांचं सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"आईशप्पथ. सर, मला तुम्ही दोन वर्षं शिकवलंय हे."

"आज तिसरं," मी म्हणालो. मग मात्र तिघंही हसलो, गरजेपेक्षा जास्तच.

परत येताना धुकं तसंच होतं. पण वैजूच्या यंत्रानं आम्ही आलेल्या वाटेवर ठिपके टाकून ठेवले होते. फिरत फिरत आलेली, वळसे घेतलेली ठिपक्यांची रांग त्या करड्या पडद्यावर दिसत होती, आणि ती त्यावरून आम्हांला मागं नेत होती. गाडी पंधरावीस हात पुढं न्यायची, थांबून मागचा दिवा दिसतोय ना ते विचारायची. रणजित दुखऱ्या पायानं तिच्या मागं. त्यानं त्याची बाई बंद करून टाकली होती. गटात तो नेहमी सगळ्यांच्या पुढं असायचा. त्या दिवशी तो एका तांबड्या दिव्याकडं बघत सबंध सडा उतरला आणि एकदाही पुढं जायला धडपडला नाही.

*

त्यानंतर मी पेठेतल्या मुलांना संध्याकाळी शिकवायला लागलो, ते अजून चालू आहे. एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की मी त्याला बरोबर उत्तर लगेच सांगत नाही. म्हणतो, थांब, आधी मला तुझ्यासारखं चुकू दे. मग त्याच्या वहीत डोकं घालून त्याच्या वाटेनं जातो. तो जिथं घसरलेला असतो ती जागा बहुतेक वेळा सापडते, आणि पोरगं तिथंच बसलेलं असतं. ही रीत मी कुठल्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचली नाही. सड्यावर एका पोरीच्या मागं बसून बघितली.

पण पैजेचा तो आठवडा सरायच्या आतली एक गोष्ट सांगायची राहिली.

मी दळण आणायला गेलो होतो. रांग मोठी होती. रणजित लंगडत आत आला, पिशवीतून आपलं परदेशी यंत्र काढलं आणि आण्णांसमोर धरलं.

"आण्णा, डब्याला बांधायला जागा हाय का?"

आण्णांनी गिरणी बंद केली. आवाज थांबला, तसं रांगेतल्या बायकांचं बोलणंही थांबलं.

"हे कशाला आणि?"

"टिकतंय का बघायचंय. दिवाळीला पाहुणे येणार. मी मागच्या गाडीवर असणार, धूळ सगळी माझ्याच तोंडावर येणार." त्यानं कोपऱ्यात पोती शिवत बसलेल्या वैजूकडं मान वळवली. "पुढची गाडी हिची हाय."

वैजूच्या हातातला दाभण तसाच राहिला. आण्णांनी मिशीवरचं पीठ झटकलं, ते पुन्हा मिशीवरच बसलं. मुलीकडं बघितलं नाही. स्टूल ओढलं, स्वतः वर चढले, खिशातनं सुतळी काढली आणि रणजितचं यंत्र पत्र्याच्या डब्याला बांधायला लागले.

"आण्णा, माझा जोंधळा कधी लावणार?" रांगेतली एक बाई ओरडली.

"थांबा जरा," आण्णा गाठ मारत म्हणाले. "पुढच्या गाडीचं काम चाललंय."